पडके घर घेण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले आहे.)



या व्यासपीठावरून दरवर्षी डॉक्टर, प्राध्यापक, वकील अशा विद्वान मंडळींची भाषणे होतात. यंदा चिटणीस साहेबांनी माझ्यासारख्या घरदुरुस्तीचा धंदा करणाऱ्या माणसाला उभे केले आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. वडील गवंडी होते, त्यांच्याच हाताखाली मी चिरा बसवायला शिकलो. त्यामुळे माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा करू नका. चाळीसएक वर्षे जुनी घरे उकलताना आणि पुन्हा उभी करताना जे पाहिले, तेवढेच सांगणार आहे.

विषय मी निवडलेला नाही, तो तुम्हीच दिला आहे. गेली काही वर्षे आखातातून सुट्टीवर आलेली मुले मला एकच प्रश्न विचारतात, "चाचा, गावातले एखादे पडके घर घेतले, दुरुस्त केले आणि विकले, तर किती सुटतात?" प्रश्न चांगला आहे. पैसा बाहेर उधळण्यापेक्षा गावात गुंतवावा असे कुणाला वाटत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण "किती सुटतात" हा यातला शेवटचा प्रश्न आहे. त्याच्या आधीचे तीन प्रश्न कुणी विचारत नाही. घर कुणाचे आहे? घर कशामुळे पडले? आणि दुरुस्त झाल्यावर तिथे राहणार कोण? आज या तीन प्रश्नांविषयी बोलतो.

घरे पडतात कशी?

आपल्या किनाऱ्यावरची जुनी घरे जांभ्या दगडाची. चुन्यातल्या किंवा मातीतल्या भिंती, सागाचे किंवा ऐनाचे लाकूड, वर मंगलोरी कौले. ही घरे आपल्या आजोबा-पणजोबांनी बोटीवरच्या नोकरीतून, आफ्रिकेतल्या दुकानदारीतून बांधली. १९७३ नंतर तेलाच्या किमती चढल्या, आखातात काम निघाले आणि दुसरी पिढी तिकडे गेली. तिने त्या जुन्या घरांच्या शेजारी सिमेंटचे बंगले बांधले. तिसरी पिढी मुंबऱ्याला, मीरा रोडला, पुण्याला स्थायिक झाली. आता जुने घरही बंद आणि बंगलाही बंद.

घर वापरात असले की टिकते. चूल पेटते, धुराने लाकडाला कीड लागत नाही, फुटलेले कौल त्याच दिवशी दिसते. घर बंद झाले की एका पावसाळ्यात कौल सरकते, दुसऱ्या पावसाळ्यात वासा कुजतो, तिसऱ्यात वाळवी आढ्यापर्यंत चढते आणि पाच-सहा वर्षांत छप्पर खाली येते. छप्पर गेल्यावर मातीत बांधलेली भिंत पावसात किती दिवस उभी राहणार? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत असंख्य छपरे उडाली. ज्यांची माणसे गावात होती त्यांनी ताडपत्री टाकून, पत्रे आणून घर वाचवले. ज्यांच्या दाराला कुलूप होते त्यांची घरे त्याच पावसाळ्यात बसली.

पण वारा आणि वाळवी यांच्यापेक्षा मोठे कारण वेगळेच आहे. गावात जे घर पडलेले दिसेल त्याच्या मालकीची चौकशी करा. दहापैकी सात-आठ ठिकाणी मालक एक नसतो, पंधरा-वीस असतात. आजोबा गेले, वाटणी झाली नाही. वडील गेले, वाटणी झाली नाही. कुणी दुबईत, कुणी डर्बनमध्ये, कुणी लंडनमध्ये. कौले शाकारायचा खर्च कुणी करायचा यावर एकमत होत नाही. म्हणजे घर पावसाने पडते खरे, पण त्याआधी ते कागदावर पडलेले असते. म्हणून कागदापासूनच सुरुवात करू.

कागद कोणते पाहायचे?

पहिली गोष्ट. नगरपरिषदेच्या हद्दीत सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका पाहायची. गावठाणाबाहेरच्या जमिनीचा सातबारा आणि आठ-अ पाहायचा. खेड्यातल्या गावठाणात बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्याशिवाय दुसरे काही नसे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने गावठाणाची मोजणी करून घरांच्या मिळकत पत्रिका देण्याचे काम तिच्यात होते. आपल्या गावात मोजणीची चौकशी निघेल तेव्हा घरातले कुणीतरी हजर राहा, आणि हजर राहणाऱ्याने फक्त स्वतःचे नाव न देता सगळ्या वारसांची नावे द्यावीत. तिथे जो हिशेब चुकतो तो पुढे नातवंडांना फेडावा लागतो.

दुसरी गोष्ट. सातबारा, घरपट्टी, फेरफार हे मालकीचे खत नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. महसुली नोंद कर वसुलीसाठी असते; नोंद झाली म्हणून मालकी मिळत नाही आणि नोंद राहिली म्हणून मालकी जात नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मला त्याची गरज पडणार आहे.

तिसरी गोष्ट. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. साठेखत म्हणजे विक्री नव्हे. नोटरीपुढे केलेला कागद म्हणजे विक्री नव्हे. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर केलेला व्यवहार ही विक्री नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट केले. मुखत्यारपत्र घेऊन मालकाच्या वतीने खरेदीखत नोंदवता येते. पण ते परदेशात केलेले असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यावे लागते, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. ज्याने ते दिले तो वारला की साधे मुखत्यारपत्रही संपते. म्हणून सही घेण्यापूर्वी, देणारा हयात आहे ना, हे फोनवर प्रत्यक्ष बोलून खात्री करा. हसू नका. मयत माणसाच्या मुखत्यारपत्रावर झालेले व्यवहार मी पाहिले आहेत.

चौथी गोष्ट. दुय्यम निबंधक कार्यालयातून तीस वर्षांचा शोध घ्या, सूची क्रमांक दोनच्या नकला काढा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दी कायम करा. या सगळ्याला वकिलाच्या फीसह जो खर्च येतो तो घराच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो. तो वाचवणाऱ्याने पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची तयारी ठेवावी.

आणखी तीन सूचना थोडक्यात. घरात जुना भाडेकरू असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ खाली त्याला संरक्षण असू शकते. रिकामे घर समजून किंमत देऊ नका. मिळकत वक्फची असेल तर तिच्याकडे वळूच नका. वक्फची विक्री कायद्याने रद्द आहे आणि स्वस्तात देणारा मुतवल्ली तुम्हाला फसवतो आहे. आणि परदेशस्थ भारतीयाला घर, दुकान घेता येते, पण शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. घराच्या मागची वाडी सातबाऱ्यावर शेती म्हणून असेल तर आधी वकिलाला विचारा.

बहिणीची सही

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्यात वारसा शरीअतप्रमाणे चालतो. बाप जिवंत असेपर्यंत मुलाला त्याच्या मिळकतीत हिस्सा नसतो. म्हणून "अब्बांचे घर आहे, माझाच हिस्सा विकतो" असे म्हणणाऱ्या मुलाकडे विकायला काहीच नसते. बाप गेला त्या क्षणी मात्र प्रत्येक वारस आपापल्या हिश्श्याचा स्वतंत्र मालक होतो, नोंद होवो अथवा न होवो.

एक उदाहरण घेऊ. बापाच्या मागे बायको, दोन मुलगे आणि दोन मुली आहेत. कर्ज आणि वसिय्यत काही नाही. मिळकतीचे ४८ भाग करा. बायकोचा आठवा हिस्सा म्हणजे ६ भाग. उरलेल्या ४२ भागांत प्रत्येक मुलाला १४ आणि प्रत्येक मुलीला ७. आता दोन्ही भावांनी तुम्हाला खरेदीखत करून दिले, तर तुम्ही किती घेतले? ४८ पैकी २८ भाग. वीस भाग अजून आईचे आणि बहिणींचेच आहेत. किंमत मात्र तुम्ही पूर्ण घराची मोजली.

एवढ्यावर भागत नाही. राहत्या वडिलोपार्जित घराचा हिस्सा परक्या माणसाने घेतला तर त्याला कुटुंबाबरोबर त्या घरात ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा करावा. आणि दावा केला की १८९३ च्या वाटप कायद्याखाली घरातला हिस्सेदार त्याचा हिस्सा कोर्ट ठरवील त्या किमतीत विकत घेऊ शकतो. म्हणजे घर हातात नाही, पैसे अडकलेले आणि वर्षे कोर्टात. वारसांत कुणी अज्ञान असेल तर आणखी सांभाळा. अज्ञान मुलाच्या वतीने आईने सही केली तरी ती चालत नाही; प्रिव्ही कौन्सिलने १९१८ सालीच तसे ठरवले आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते.

हे मी पुस्तक वाचून शिकलो नाही. माझ्याच हातून झालेली गोष्ट सांगतो. पालकांसमोर ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला.

१९९६ साली मी बाजारपेठेतले एक जुने घर ९० हजार रुपयांना घेतले. आईवडील वारलेले, देणारे दोघे भाऊ. उताऱ्यावर दोघांचीच नावे. त्यांना एक बहीण आहे हे मला माहीत होते. तिच्या सासरच्या गावी मी एका घराचे काम केले होते. मी भावांना विचारले, तर ते म्हणाले, "तिने केव्हाच सोडले आहे." मी कागद मागितला नाही. कायदा माहीत नव्हता असे म्हणून मला सुटता येईल, पण ते खरे नाही. विचारले असते तर सौदा लांबला असता किंवा मोडला असता. न विचारणे सोयीचे होते, म्हणून विचारले नाही.

घरावर ५५ हजार रुपये खर्च केले. खरेदीचा आणि इतर खर्च १० हजार आला. दीड वर्षाने ते घर एका खलाशाच्या कुटुंबाला २ लाख १० हजारांना विकले. मला ५५ हजार सुटले. त्या काळात ती मोठी रक्कम होती. मी खूश होतो.

आठ महिन्यांनी एक बाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. ती विधवा होती, पदरी दोन मुले. भांडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. एवढेच म्हणाली, "भाईजान, मी सोडले असे सगळे सांगतात. पण मला कुणी विचारायला आलेच नाही." मी तिला काय उत्तर देणार? भावांकडे गेलो. एकाने पैसे बाहेर जाण्यासाठी दलालाला दिलेले, दुसऱ्याने कर्ज फेडलेले. वकिलाला विचारले. तो म्हणाला, दोन भाऊ, एक बहीण, म्हणजे तिचा पाचवा हिस्सा. ती वाटपाचा दावा लावू शकते, आणि लावला तर तुमच्याकडून घेणारे ते खलाशाचे कुटुंबही त्यात ओढले जाईल.

मी रात्रभर हिशेब मांडला. ९० हजारांचा पाचवा हिस्सा १८ हजार. तेवढे देऊन तिला मोकळे करावे असे मन म्हणत होते. पण तिने काही मला ९० हजारांच्या भावाने विकले नव्हते. माझ्याकडून घर गेले तेव्हाही पाचवा हिस्सा तिचाच होता. शेवटी २ लाख १० हजारांचा पाचवा हिस्सा, ४२ हजार, तिला दिला. तिने त्या कुटुंबाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले. माझ्याकडे दीड वर्षाच्या मेहनतीचे १३ हजार उरले. घरात बायको नाराज झाली, धंद्यातल्या लोकांनी मूर्ख ठरवले. त्या ४२ हजारांतून तिच्या मुलीचे डी.एड. झाले. ती आज जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. सौद्याची पहिली बैठक भावांबरोबर झाली, तर दुसरी बैठक बहिणींच्या घरी. त्यांच्या हाती पैसे पडतात ते मी स्वतः पाहतो, आणि सही दुय्यम निबंधकांसमोर घेतो. या नियमामुळे माझे अनेक सौदे गेले. राहिलेल्यांपैकी एकाही घराचा दावा झाला नाही.

आणि बहिणींनाही सांगतो. भावाच्या मायेपोटी हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडा, तो तुमचा अधिकार आहे. पण आधी हिस्सा किती आणि त्याची आजची किंमत किती, हे समजून घ्या. माहीत नसलेली वस्तू सोडणे याला दान म्हणत नाहीत.

घर कसे पाहायचे?

कागद नीट असतील तर मग घर पाहा. आणि पाहायचे तर ऑगस्टमध्ये पाहा. मे महिन्यात सगळीच घरे चांगली दिसतात. पावसात पाणी कुठून येते, कुठे तुंबते, भिंतीला ओल किती हात चढते, हे डोळ्यांनी दिसते. लाकडाला हातोडीने ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर आत वाळवीने खाल्ले आहे. तुळयांची भिंतीत गेलेली टोके आधी कुजतात, तिथे टोचून बघा. विहिरीचे पाणी एप्रिलअखेर टिकते का ते शेजाऱ्याला विचारा, मालकाला विचारू नका. आणि घरापर्यंत जायची वाट कुणाच्या जागेतून आहे ते पाहा. वाटेचे भांडण हे गावातले सर्वांत लांब चालणारे भांडण असते.

चुन्याची जुनी भिंत असेल तर तिला सिमेंटचा गिलावा मारू नका. सगळे मारतात, कारण लवकर होते आणि गुळगुळीत दिसते. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडते. दोन-तीन वर्षांत पोपडे सुटतात आणि आतला दगड भुसभुशीत होतो. चुन्याच्या भिंतीला चुनाच हवा.

सिमेंटचे बंगले घेताना अधिक सावध राहा. सत्तर-ऐंशीच्या दशकात घाईने बांधलेल्या कितीतरी घरांत खाडीची आणि समुद्राची खारट वाळू वापरली गेली. मिठाने सळी गंजते, गंजलेली सळी फुगते आणि स्लॅबचा तळ सुटतो. खाली रंग काढला की सहा महिने काही दिसत नाही. गच्चीचे ढलपे पडलेले, सळ्या उघड्या पडलेल्या असतील तर मिस्त्रीच्या शब्दावर जाऊ नका, स्ट्रक्चरल इंजिनियर आणा. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे मेली. ती इमारत जुनी नव्हती, दहा वर्षांचीही नव्हती. वयावरून इमारतीची ताकद ठरत नाही.

जागाही पाहा. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाली, महाडमध्ये सावित्रीचे पाणी शिरले, आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून वाडीच्या वाडी गाडली गेली. नदीकाठी पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते विचारा. समुद्रकाठी सी.आर.झेड.चे निर्बंध पाहा. पाडलेले घर पुन्हा बांधायला परवानगी मिळेलच असे नाही. जुने घर दुरुस्त करणे आणि पाडून नवे बांधणे या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हातोडा मारण्यापूर्वी नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करा.

किती सुटतात?

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. गावात बोलले जाते, "अमक्याने बाराला घेतले आणि चोवीसला विकले, दामदुप्पट केली." आपण त्या अमक्याची वही उघडून बघू. आकडे नमुन्यादाखल धरले आहेत.

घराची किंमत १२ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळून शहरी भागात सात टक्के धरले तर ८४ हजार. सरकारी मूल्यांकन किमतीपेक्षा जास्त असेल तर शुल्क त्यावर लागते, हे विसरू नका. वकील, शोध, मोजणी, नोटीस २६ हजार. दुरुस्ती ६ लाख. जुने घर उकलल्यावर आत काय निघेल हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून दुरुस्तीवर पंधरा टक्के जास्त धरा, ९० हजार. घरपट्टी, वीज, राखण, विकले जाईपर्यंतचा खर्च ३० हजार. एकूण २० लाख ३० हजार. चोवीस लाखांना विकले, दलाली दोन टक्के ४८ हजार. हातात राहिले ३ लाख २२ हजार.

वीस लाखांवर सव्वातीन लाख, म्हणजे सुमारे सोळा टक्के. आणि याला दोन वर्षे लागली तर वर्षाला आठ टक्के. अजून आयकर भरायचा आहे. घर २४ महिन्यांच्या आत विकले तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून नेहमीच्या दराने कर लागतो. त्याहून अधिक ठेवले तर, २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे, साडेबारा टक्के. आणि तुम्ही एकामागून एक घरे घेऊन विकू लागलात तर तो धंदा धरला जाईल आणि सवलतीचा दर मिळणार नाही. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे २०१५ पासून कायद्याला मान्य नाही. विकणारा परदेशस्थ असेल तर घेणाऱ्याने कर कापून भरायचा असतो; तो न भरल्यास घेणारा अडकतो.

म्हणजे दामदुप्पट कुठे गेली? ती कधी नव्हतीच. नफा विकताना होत नाही, घेताना होतो. घर दोन लाख महाग घेतले किंवा एक पावसाळा जास्त अडकले, की सगळा नफा गेला. म्हणून कर्ज काढून, बायकोचे दागिने मोडून हा धंदा कुणी करू नये. ज्याला दोन वर्षे तो पैसा लागणार नाही त्यानेच करावा. चार मित्रांनी भागीदारीत करायचे असेल तर कोणी किती घातले, काम कोण पाहणार, तोटा झाला तर कसा वाटायचा, हे पहिल्या दिवशी लिहून सह्या करा. नफ्याची वाटणी सगळे ठरवतात. तोट्याची ठरवत नाहीत आणि मग दोस्ती तुटते.

विकताना घराचा दोष लपवू नका. विकणाऱ्याने माहीत असलेला दोष सांगितला पाहिजे, असे देशाचा कायदाही म्हणतो आणि शरीअतही म्हणते. दोष लपवलेला माल परत करण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे. भिंतीला चुना लावणे आणि गिऱ्हाइकाला चुना लावणे यातला फरक आपण ओळखला पाहिजे. गावातला धंदा गावातच करायचा असतो. एकदा नाव गेले की दुसरे घर कुणी घेत नाही.

विकावे की ठेवावे?

माझा स्वतःचा अनुभव असा की प्रत्येक घर विकलेच पाहिजे असे नाही. आपल्या तालुक्याच्या गावांत शिक्षक, नर्स, बँकेतले लोक बदलून येतात आणि त्यांना धड खोली मिळत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवला तर घर अडकण्याची भीती कमी होते. १९९९ च्या कायद्याने ती नोंदणी बंधनकारकच आहे. समुद्राजवळ घर असेल तर न्याहारी-निवास योजना आहे. भाड्यात एकदम मोठी रक्कम दिसत नाही, पण ते दर महिन्याला येते, आणि घर उघडे राहते. उघडे घर पडत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितले.

पालकहो, आणखी एक विनंती. आपल्या शाळेत लांबच्या वाड्यांतून मुली येतात. दहावीनंतर त्यांचे शिक्षण सुटते ते गुणांअभावी नव्हे, तर राहायला सुरक्षित जागा नाही म्हणून. या पेठेत निदान दहा-बारा बंद घरे मी दाखवू शकतो. त्यांतले एखादे घर वारसांनी एकत्र बसून, सगळ्यांच्या सह्यांनी, दहा वर्षांच्या कराराने मुलींच्या निवासासाठी दिले, तर छपराचा खर्च भाड्यातून फिटेल, मालकी वारसांचीच राहील आणि घर उभे राहील. कौले बसवून देण्याची मजुरी मी घेणार नाही, हे या सभेत सांगून ठेवतो.

शेवटी एवढेच सांगतो. या सुट्टीत आपापल्या घराचे कागद बाहेर काढा. उताऱ्यावर कुणाची नावे आहेत आणि कुणाची राहिली आहेत ते पाहा. राहिलेली नावे बहुतेक बहिणींची असतील. मोठी माणसे हयात आहेत तोवर ती लावून घ्या. घर घेणारा गिऱ्हाईक कधीही मिळेल. सह्या करणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत जातात.